सूनबाईची परीक्षा आणि माझं तोंड

ऊन नाही, पाऊस नाही, वारा तर नावालाही नाही… असला कुंद दिवस, तुम्हाला सांगतो, मी तरी पाहिला नव्हता. आभाळ नुसतं खाली येऊन बसलेलं, ओल्या चादरीसारखं. दोरीवरचे कपडे आदल्या सकाळी घातले तसेच, हात लावला की चिकट. भिंतीला घाम, मिठाच्या बरणीत पाणी, आणि माझ्या शर्टाची कॉलर मानेला अशी चिकटलेली, की तीच मला धरून कुठंतरी नेतेय असं वाटावं. आणि नेमकं अशा दिवशी मला काय सांगतात, तर हलायचं नाही. बसा, आणि हलायचं नाही. आता मला सांगा, असल्या हवेत माणसानं हलायचं नाही तर करायचं काय?

तुम्हाला वाटेल, म्हातारा उगाच कुरकुरतोय. तसं नाही हो. बसणं हा तर माझा धंदा. कारखान्याच्या फाटकावर जन्म गेला माझा. ट्रक आला की उठायचं, ट्रक गेला की बसायचं, मधला सगळा वेळ स्टुलावर. शाळेत गेलो नाही, पण बसायला सांगा, भले भले उठून जातील, मी बसलेला असेन. पण फाटकावर बसलेल्या माणसाला नाक खाजवायची मोकळीक असते. ती असते तोवर तिची किंमत कळत नाही.

तर आमची सूनबाई ब्यूटी स्कूलला जाते. म्हणजे केस, भुवया, नखं, तोंड, हे सगळं नीट कसं करायचं ते शिकवतात, ती शाळा. मी पहिल्यांदा म्हटलं, यात शिकायचं काय, घरात आरसा आहे, फणी आहे. तर तसं नाही. त्याला परवाना लागतो. परवाना नसेल तर दुसऱ्याच्या भुवईला बोट लावायचं नाही. परवान्यासाठी परीक्षा, परीक्षेसाठी अभ्यास, आणि अभ्यास कुठं, तर आमच्या घरात. एकदा मी पहाटे पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर एक बाई. बाई म्हणजे नुसतं बाईचं मुंडकं, गळ्याखाली काही नाही. केस खरे, डोळे टक्क उघडे. मी आपला ‘माफ करा हं’ म्हणून मागं फिरलो, तहानेलाच जाऊन पडलो. सकाळी कळलं, ते केस कापायला शिकायचं शाळेतलं डोकं आहे. सूनबाईनं ते कापले, एका बाजूला जरा जास्तच गेले, तर रडवेली झाली. मी म्हटलं, अगं वाढतील. तर म्हणते, ‘बाबा, हिचे नाही वाढत.’ तेव्हा मात्र मला त्या बाईचं खरंच वाईट वाटलं.

मग दोरा आला. दोऱ्यानं केस उपटायचे, एक टोक दातांत, बाकीचा बोटांत, मध्ये पीळ, आणि पीळ पुढं गेला की केस गेला. आता रोज केस आणायचे कुणाचे? तर माझा जुना स्वेटर आहे, त्यावर लोकरीच्या गोळ्या झालेल्या. ही बसायची खिडकीत, स्वेटर मांडीवर घेऊन, एकेक गोळी टिपायची. आणि त्यात मी असायचो हो, त्या स्वेटरात. ‘बाबा, बाही पुढं करा. हलायचं नाही.’ असं करत करत तिनं स्वेटर इतका गुळगुळीत केला, की आमची ही म्हणाली, नवा घेतलात की काय.

हात सोन्यासारखा पोरीचा. घरात. पण समोर कुणी कागदपेन्सिल घेऊन उभं राहिलं की तोच हात असा थरथरायचा, की पेल्यातलं पाणी सांडावं. मागच्या परीक्षेला हेच झालं. तिथं ज्याच्या तोंडावर काम करायचं ते माणूस आपलं आपण न्यायचं असतं, त्याला मॉडेल म्हणतात. हिनं नेली मैत्रीण. ती मैत्रीण दोरा लागला की हसायची, हिचा हात थरथरायचा, तो थरथरला की ती आणखी हसायची… अर्धी भुवई गेली मैत्रिणीची. नापास. आणि नियम असा, की दुसऱ्यांदा नापास झालात तर सगळं शिक्षण पहिल्यापासून, त्या मुंडक्यापासून. वर आमच्या चिरंजीवांनी जेवताना बोलून ठेवलेलं, ‘या खेपेला झालं तर झालं, नाहीतर आमच्या ऑफिसात फोन उचलायला माणूस पाहिजेच आहे.’ तो वाईट नाही हो, पण त्याला वाटतं जगात सगळे प्रश्न फोन उचलून सुटतात. सूनबाई नुसती बोटांत दोरा नसताना पीळ घालत बसली. ते मला बघवेना.

या खेपेला मॉडेल म्हणून ठरल्या होत्या शेजारच्या वहिनी. महिनाभर सांगत होत्या, ‘मी आहे ना, तू काळजीच करू नकोस.’ आणि त्या दिवशी सकाळी, पोरगी पिशवी भरून दारात उभी, तर वहिनी कुंपणापलीकडून मलाच हाक मारतात. ‘भाऊजी, तेवढं सूनबाईला सांगा, मला काही जमायचं नाही. धुतलेलं एक वाळलं नाही बघा, जाऊ काय घालून?’ आणि मग हळूच, ‘शिवाय मला बाई दुखतं.’

आता? सूनबाई पायरीवर बसली. आमच्या हिचे गुडघे असे, की जिना दिसला तरी दुखतात. ही आतूनच म्हणाली, ‘तुम्ही जा. नुसतं बसायचंय. बसता येतं तुम्हाला.’

लग्नापासूनचं पहिलं कौतुक. गेलो.

शाळा म्हणजे लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना आरसे, ओळीनं खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक बाई. मधल्या एका खुर्चीत मी. जिकडं बघावं तिकडं मीच दिसतोय, पुढून, मागून, बाजूनं, सगळीकडं माझी मिशी. मिशीचं सांगायचं राहिलंच. मिशी जाड, पांढरी, खाली वळलेली. फाटकावर मला नावानं कोण हाक मारत होतं? मिशीवाले, फाटक उघडा. एवढंच. आमच्या हिला ती कधीच आवडली नाही. काढा, काढा, म्हणून तिनं अर्धा संसार घालवला, आणि मी म्हणायचो, बघू.

परीक्षक बाई आल्या. सडपातळ, चष्मा, हातात फळी, फळीवर कागद. माझ्यापाशी थांबल्या. ‘मॉडेल हेच?’ सूनबाई म्हणाली, हो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. ‘बाईच पाहिजे असं नियमात लिहिलेलं नाही,’ म्हणाल्या, पण आवाज असा, की ते लिहायला पाहिजे होतं.

पहिलं काम तोंडाला लेप. सूनबाईनं कुंचल्यानं कपाळापासून गळ्यापर्यंत सारवलं मला, मिशीला वळसा घालून. डोळ्यांवर ओला कापूस. ‘बाबा, आता वाळेपर्यंत हलायचं नाही. बोलायचं नाही. हसायचं नाही. तडे जातात.’ मी म्हटलं, हूं. ‘हूं पण नाही.’

आणि तुम्हाला सांगतो, तो लेप वाळेना. वाळणार कसा? बाहेर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, माझं तोंड काय वाळणार? बसलोय. नाकाच्या शेंड्याला खाज. ती गेली तर कानामागं. मग पायाच्या अंगठ्याला, बुटाच्या आत. मग एक माशी आली. इतकी तोंडं होती तिथं, चांगली तरुण, तिला माझंच सापडलं. कपाळावरून चालत चालत नाकापर्यंत आली आणि लेपात अडकली. आता ती पण हलेना, मी पण हलेना. दोघं बसून. शेजारच्या खुर्चीतली बाई चक्क घोरत होती, आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. मनात म्हटलं, फाटकावरचे ते दिवस काय वाईट होते?

तेवढ्यात चिठ्ठ्या. दुसरं काम चिठ्ठीवर ठरतं, ज्याच्या नशिबात जे येईल ते. कुणाला नखं, कुणाला भुवया. कापसाखाली मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सूनबाईनं चिठ्ठी उघडली, वाचली. ‘अप्पर लिप, दोऱ्यानं.’

कुठंतरी कुणीतरी फिसकन हसलं. आता अप्पर लिप हा काय प्रकार, मला काय ठाऊक? मला वाटलं पावडर असेल एखादी. विचारावं तर तडे जाणार. तर पोरीनं माझ्या डोळ्यांवरचा कापूस काढला, ओल्या फडक्यानं लेप पुसला, माशी पुसली, आणि कानाशी म्हणाली, ‘बाबा, उठा. घरी जाऊ.’

‘का गं?’

‘वरच्या ओठावरचे केस काढायचं आलंय.’

मी आरशात बघितलं. आरशातल्या सगळ्या मिशांनी माझ्याकडं बघितलं.

‘चिठ्ठी बदलता येत नाही का?’

‘नाही. मॉडेलही नाही. जाऊ दे बाबा. फोन उचलायला काय होतंय.’ आणि पिशवीत एकेक वस्तू भरायला लागली, कात्री, फडकी, तो दोरा. दोरा नीट गुंडाळत होती हो, जसा उद्या लागणारच आहे. मी म्हटलं, थांब. मोठ्यानं म्हटलं, ‘बाई, माझी हरकत नाही.’

परीक्षक बाई फळी घेऊन आल्या. ‘ग्राहकानं आपणहून सांगायचं नाही. आधी उमेदवारानं विचारायचं, मग ग्राहकानं संमती द्यायची. त्याचे गुण आहेत. विचारा.’

सूनबाई विचारेना. मान खाली. ‘आई काय म्हणतील?’

‘आई लग्नापासून हेच म्हणत्येय. विचार तू.’

मग पोरगी सरळ उभी राहिली, आणि सगळ्या खोलीसमोर, अनोळखी माणसाला विचारावं तसं, ‘आपल्या वरच्या ओठावरचे केस काढायला आपली संमती आहे का?’ तुम्हाला सांगतो, मला लग्नात सुद्धा कुणी इतकं स्पष्ट विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आहे.

आधी कात्री. खचक, खचक… मांडीवरच्या फडक्यावर पांढरे झुपके पडले, मी तिकडं बघितलं नाही. मग खुंट राहिले, त्यांना दोरा. ‘जिभेनं ओठ आतून पुढं ढकला बाबा. आणि हलायचं नाही.’ पहिला ओढा बसला आणि मला माझे आई, वडील, आजा, सगळे एका रांगेत दिसले. दुसऱ्याला त्यांच्या मागची पिढी. तरी मी हललो नाही. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर काय, परीक्षक बाई येऊन शेजारी उभ्या, पेन्सिल कागदावर टेकलेली, आणि पोरीचा हात लागला थरथरायला. दोरा सुटला. पुन्हा घेतला. तुटला. नवा काढला, तो दातांत धरता येईना, ओठच कापत होते तिचे. उजवी बाजू अर्धी झालेली, डावीचे खुंट तसेच उभे, आणि मी मधोमध, एका अंगानं म्हातारा, दुसऱ्या अंगानं काय ते कळत नव्हतं. असाच घरी गेलो असतो तर?

जीभ ओठामागं, तोंड वाकडं, तशातच मी हळूच म्हटलं, ‘पोरी… हलायचं नाही.’

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘स्वेटर आहे असं समज. मी आतच आहे.’

तिनं श्वास घेतला. दोरा दातांत धरला. आणि मग जो चाललाय तो पीळ… सर, सर, सर, जसा खिडकीत चालायचा तसा, एकेक गोळी टिपत. परीक्षक बाई पेन्सिल विसरून बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. त्या विचारतात, ‘ग्राहकाला दुखतंय का?’ मी म्हटलं, ‘छे हो बाई, दिवस कुंद आहे, पाणी सुटतं.’

पास झाली. बाईंनी तिथंच सांगितलं, ‘काम स्वच्छ.’ आणि मग माझ्याकडं बघून, ‘ग्राहक बरा आणलात.’ परवान्याचा कागद यायचा होता, पण पोरगी वाटेनं अशी चालत होती, की जणू तो चौकटीत घालून भिंतीला लावलाय. मी मागून रुमाल तोंडावर धरून. जिथं इतकी वर्षं वारा लागला नव्हता तिथं वारा लागत होता, आणि वारा तर नव्हताच त्या दिवशी, मग ते काय होतं कोण जाणे.

घरी आमची ही दार उघडून उभी. पोरीनं पास म्हटलं, हिनं तिला जवळ घेतलं, सगळं झालं. मग मी रुमाल काढला. हिनं पदर हातात घेतला. मला वाटलं, झालं, रडते की काय. तर म्हणाली, ‘ओठ आहेत की तुम्हाला.’ आणि आत जाऊन चहा टाकला.

मी बाहेर येऊन कुंपणाशी उभा राहिलो, म्हटलं निदान आता मोकळेपणानं हलावं जरा. तर पलीकडून वहिनी, अजून त्याच ओल्या कपड्यांना चाचपत. मला बघितलं आणि म्हणाल्या, ‘कोण पाहिजे? भाऊजी सुनेबरोबर परीक्षेला गेलेत.’ मी म्हटलं, वहिनी, मीच. त्या कुंपणाला येऊन टेकल्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, एक बोट पुढं करून माझ्या ओठावरून फिरवलं, सुनेची चौकशी नाही, माझी नाही, आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, एवढं मऊ होतं होय? मग मीच आले असते की भाऊजी, ओल्या कपड्यांत.’