चौसष्ट पॅनल

धाकटी : आणखी एकदा वाजव टाळी, दादा.

दादा : अगं, हात लाल झाले. नाटक अजून व्हायचंय नि टाळ्या आधीच संपवतेस!

धाकटी : ऐक ना. अजून घुमतंय. पॅनल लावायच्या आधी घुमत होतं, अगदी तस्संच.

दादा : रिकामं थिएटर घुमणारच. प्रेक्षक आले की होईल गप्प.

धाकटी : तेही धरलंय मी. भिंतींवर चौसष्ट पॅनल, प्रत्येकात दोन इंच ग्लासवूल. आवाज त्यात जिरायला हवा. इथे तो उलटा तोंडावर येतोय.

दादा : तुझं गणित चुकलं असेल.

धाकटी : सकाळपासून तीनदा तपासलं. चारला थिएटरचे साहेब येतील ऐकायला. पेचकस दे, एक उघडून बघते.

दादा : नको! कापड पुन्हा तसं ताणून बसत नाही.

धाकटी : मग नुसतं दाबून बघते.

दादा : हात लावू नकोस म्हटलं ना!

(दादा तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. तिनं पॅनलवर मूठ आपटली. आत मऊ काहीच नव्हतं.)

धाकटी : काय भरलंयस?

दादा : थर्माकोल.

धाकटी : सगळ्यांत?

दादा : पहिली सहा सोडून. तू येऊन बघून गेलीस ना, ती सहा.

धाकटी : अरे, थर्माकोल आवाज पीत नाही!

दादा : थंडी अडवतं, म्हटलं आवाजही अडवेल. त्या ग्लासवूलची काचेची कुसं छातीत जातात गं. डॉक्टर म्हणाले, ते हाताळणं बंद. वहिनीला विचार.

धाकटी : मला का नाही बोललास?

दादा : दुसरा सुतार बघितला असतास. तुझं पहिलं मोठं काम. आईला सांगून बसलो होतो, दोघं मिळून करतोय म्हणून.

धाकटी : तुझं नाव घेतलं तर तुला पुन्हा कुणी काम देणार नाही. माझं गणित चुकलं म्हटलं तर मला. इकडे आड, तिकडे विहीर.

दादा : माझंच घे. मी काय, दारं-खिडक्या करीन.

धाकटी : दाराशी बघ. आलेच ते.

साहेब : काय मंडळी, झालं का आमचं थिएटर?

दादा : साहेब, ते माझ्या हातून...

धाकटी : थांब, दादा. साहेब, चौसष्ट पॅनल तपासली म्हणून सही मी केली. बघितली होती सहा.