आधी दूध उतरवा

—पार्टाचं मागनं बघू, दत्तोबा. त्या दिवशीचं इचारताय, तर त्यात काय सांगायचं? साधाच दिवस हुता. वांग्याला पाणी देत हुतो. शेजारचा सावळाराम बारामतीच्या दवाखान्यातनं सायकल मारत बांधावर आला, म्हणाला, "सोपानदा, वैनी गेल्या." मी म्हणालो, "बरं." — व्हय, बरंच म्हणालो! — आन् फावडं घेतलं, भरलेल्या वाफ्याचं तोंड बंद केलं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं, मग चपला हुडकल्या. सावळाराम बघतच राह्यला. त्याला वाटलं, गड्याला ऐकू आलं न्हाय. मला मातर तवाच आमच्या बाईचं, चंद्राबाईचं, बोलणं आठवलं. कुठलं म्हणून काय इचारता — तुमी नाटकाचं मॅनेजर, तुमच्याच नाटकावरचं!

आपल्या कळसच्या जत्रंत मी शिपायाची बायकू व्हायचो. नवरा लढाईत पडल्याचा सांगावा यायचा, मी किंकाळी फोडून धाडकन पडायचो — स्टेजच्या फळ्या हलायच्या! बाया नाक पुसायच्या, आन् आमची बाई पुढं बसून तोंडात पदर कोंबून हसायची. घरी आलो की म्हणायची, "अवं, चुलीवर दूध ठिवलं हुतं न्हवं? ते कुणी उतरीवलं?" मी म्हणायचो, "नाटकात कुठलं दूध?" — "मग ते घर कुठलं? बाई आधी दूध उतरीवती, मग रडती." हसण्यावारी नेलं मी. नाटकातलं तिला काय कळतंय! आता, तिचंच चालणं बघून मी बाईवानी चालाय शिकलो, ही गोष्ट येगळी. तीबी बेरकी — मी बघतोय हे कळलं की मुद्दाम लंगडत पाण्याला जायची! मला वाटलं हीच बायकांची चाल, मीबी तालमीत लंगडलो — तुमीच वरडला न्हवता का? आन् इंदापूरचा त्यो पावना? "कालची नाटकातली बाई कुठली, लगीन झालंय का" म्हणत दारात आला. ही आतनं म्हणती, "मोकळीच हाय, पर सैपाक येत न्हाय तिला."

तर काय सांगत हुतो — तो पार्ट कसा करायचा, आता मला पक्कं कळलंय. किंकाळी न्हाय, पडणं न्हाय. सांगावा ऐकायचा, उठायचं, भांडं खाली उतरीवायचं, हात पदराला पुसायचं. मागनं कुणी वरडंल, "सोपान इसरला!" — वरडू द्या. आवाज? हाय की. मिशी? कधी ठिवलीच न्हाय. लुगडं? ट्रंकंत हाय, तिनंच घडी घालून ठिवलेलं. मग न्हाय का म्हणतोय, म्हणता? — अवं, तुमी मांडवाचं बघा, माझं कशाला — काय? तुमच्या कौसल्यावैनी नेसवतील? छ्या! ही पाठीत गुडघा रोवायची, "पोट आत घ्या, बाई हायसा!" म्हणत कासोटा खोचायची. मी आपला हात वर करून भाषण घोकायचो — खाली बघितलंच न्हाय कधी.

च्या संपवा न् निघा. पार्ट दुसऱ्या कुणाला द्या, दूध कसं उतरीवायचं ते मी दाखवतो त्याला. एवढी वरसं बाई झालो, दत्तोबा — लुगडं नेसाय शिकायचं राह्यलं.