चार बोके आणि एक बढती

...आणि वर मलाच म्हणतात, "ग्लेनिस, तू फार मनाला लावून घेतेस!" नको घेऊ? तुम्हाला सांगते, अर्धं आयुष्य इंग्लंडातल्या या यॉर्कशायरात जनावरांच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलं, घोड्याच्या लाथा खाल्ल्या, एका पोपटानं तर भर दवाखान्यात अशी शिवी हासडली की... जाऊ दे, चारचौघांत नको! पण प्रमुख नर्स करा म्हटलं की आमचे डॉक्टर अ‍ॅक्रॉइड चष्मा पुसत म्हणणार, "अनुभव आहे गं, पण कौशल्य वाढव. शीक काहीतरी!" शिका म्हणाले, शिकले!

सशाचे दात तपासायला शिकले, कासवाला भूल द्यायला शिकले. आता कासव शुद्धीवर आलंय की नाही हे कळायला दुपार उलटते, तो भाग वेगळा! तरी डॉक्टरांचं आपलं, "लठ्ठपणाचं शीक, हल्ली त्यालाच मागणी. चार पेशंट बारीक करून दाखव, पद तुझं!" आणि चुरशीला कोण? तर इमोजेन! माझ्याच हाताखाली सुई धरायला शिकलेली कालची पोर! मग काय... शिका म्हणाले, शिकले!

त्या लठ्ठपणाच्या कोर्सातल्या बाई म्हणजे एक नमुनाच. "जनावराकडे नाही, मालकाच्या डोळ्यांत बघा! आणि 'लठ्ठ' म्हणायचं नाही, मालक दुखावतो. 'भरदार' म्हणा!" मी बघितलं हो डोळ्यांत! असं बघितलं, असं बघितलं, की खाली टेबलावर कोण बसलंय याचा पत्ताच नाही!

चार पेशंट मिळाले, चारही तांबूस बोके. सोमवारी मिसेस हेपवर्थ त्यांच्या मार्मलेडला घेऊन येणार, "सिस्टर, चिमणीएवढं खातो हो!" मंगळवारी रिटायर्ड पोस्टमन क्लिफर्ड आणि त्यांचा नेल्सन, "अगं पोरी, तो हवेनंच फुगतो!" बुधवारी शाळामास्तरांचा बिस्किट, आणि गुरुवारी आमच्या चर्चच्या पाद्रीबाई, कडेवर सर क्लॉड, "देवानंच असा भरदार घडवलाय, आपण कोण बोलणार?" मी चौघांना मोजून डाएट दिलं. तर चौघांचं वजन वाढतंय! आणि वाढतंय तेही अगदी सारखं! कुणालाही शंका आली असती की नाही? मला काय वाटलं असेल? वाटलं, वा, माझ्या पद्धतीत सातत्य आहे!

पुढे डॉक्टरांनी चौघांना एकाच सकाळी बोलावलं, बढतीचा निकाल लावायला. चार मालक आले, चार टोपल्या आल्या... तीन रिकाम्या! "आज घरीच आला नाही हो!" चौथी उघडली, तर पाद्रीबाईंचा सर क्लॉड. "अय्या, मार्मलेड!" "नेल्सन, लेका!" "बिस्किट!" इमोजेननं निमूटपणे मानेवर यंत्र फिरवलं, कातडीखालच्या ओळखीच्या चिपचा नंबर आला. माझ्या चारही पेशंटांच्या कागदांवर नंबर तोच! एकच बोका, चार घरं, आणि चार वेळा डाएटचं जेवण!

आणि भांडले कसे म्हणता? आमची इंग्रज माणसं ती! "माफ करा, हा बहुधा माझा बोका आहे." "छे छे, माफी मलाच मागू द्या, माझा आहे!" माफ्या मागून मागून चौघं लालबुंद! डॉक्टर म्हणाले, "बरं ग्लेनिस, चार राहू दे, हा एक तरी बारीक कर. महिनाभराची मुदत, पद तुझं." शिका म्हणाले, शिकले... आता बोक्याचे वार लावायलाही शिकले! चार घरांना वार वाटून दिले, वाट्या मीच मोजल्या.

तरी बोका वाढतोच आहे! मी पाद्रीबाईंवरसुद्धा संशय घेतला हो, देव मला क्षमा करो! क्लिफर्डच्या कचऱ्याच्या डब्यात ट्यूना माशाचे डबे शोधले!

मुदत संपत आली, तशी एक दिवस जरा लवकर घरी आले. दार उघडते तर काय... माझा नवरा डेरेक स्वयंपाकघरात बसलाय, टेबलावर बीफ, वर ग्रेव्ही, आणि समोर बशीत तोंड घालून... तोच! डेरेक म्हणतो, "ये गं! हा हॅरोल्ड. रोज येतो बिचारा, कुणी खायलाच घालत नाही त्याला."

मी ओरडायला तोंड उघडलं, तर डेरेक हळूच म्हणतो, "तू सारखी कोर्सात, परीक्षेत... घरात बोलायला कुणी नाही गं. हा निदान ऐकून तरी घेतो."

एवढं सगळं शिकले, आणि घरातला माणूस एकटा पडलाय हे मला एका बोक्यानं सांगावं? सकाळी जाऊन 'पद तुझं' म्हणत इमोजेनचं अभिनंदन करून आले. नवरा टाकवेना, बोका हाकलवेना... मग काय, बढती सोडली आणि ग्रेव्ही गरम करायला ठेवली!