केसरनं शिवलेल्या पांढऱ्या गाद्या

आदरणीय अध्यक्ष धनराज निकुरे साहेब, मंचावरचे मान्यवर, दवाखाना सोडून आलेल्या डॉक्टर मंजुषाताई, बॉयलर विभागातले माझे सोबती आणि त्यांच्या घरून आलेल्या माझ्या बहिणींनो, सर्वांना सविनय जयभीम, नमस्कार.

मघापासून एवढी तारीफ होऊन राह्यली की मलाच वाटलं, हा श्रावण मेश्राम कोण, एकदा भेटून घ्यावं! अहो, छत्तीस वर्षं कारखान्यातल्या गरम पाइपांवर दोरी अन् कापड गुंडाळलं, एवढंच माझं कर्तृत्व. रामाजीभाऊ आत्ता बोलले, की श्रावणभाऊनं लग्नात दिलेली गादी आमच्या घरी अजून टिकून आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. का, तेच सांगायला उभा आहे.

नव्या पोरांना माहीत नसेल. आपल्या विभागात रिवाज होता. सोबत्याचं लग्न ठरलं की उरलेल्या पांढऱ्या कापडाचे तुकडे मी घरी न्यायचो अन् माझी बायको केसर त्याची गादी शिवायची, चुलीवरचा गरम गंज, म्हणजे पातेलं, ठेवायला. जळत नाही, करपत नाही. नवरीकडचे लोक हात फिरवून पाहायचे. केवढा मान वाटायचा मला! ते कापड अ‍ॅस्बेस्टॉसचं होतं. त्याची धूळ वाईट, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, अन् आम्हीही विचारलं नाही. अशा तेवीस गाद्या शिवल्या तिनं. वरून माझे कामाचे कपडे रोज अंगणात झटकायची. त्याशिवाय मला घरात पाय ठेवू देत नव्हती, अशी कडक बाई.

गेल्या वर्षी तिला दम लागू लागला. छातीत पाणी झालं. एका ठिकाणी सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या, गुण काही येईना. मग मंजुषाताईंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही काय काम करता? अन् तुमचे कपडे कोण धुतं?" मला हसूच आलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी केसरच्या छातीतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मेसोथेलिओमा. फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर, फार थोड्यांना होणारा. मी भांडलो ताईंशी. म्हटलं, हिनं जन्मात बिडी ओढली नाही! त्या म्हणाल्या, बिडीचा याच्याशी संबंध नाही. ती बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि तीस-चाळीस वर्षांनी त्रास देते. बरी होईल का, विचारलं. ताई खोटं बोलल्या नाहीत. पाणी काढता येतं, औषधानं दिवस वाढवता येतात, त्रास कमी करता येतो.

परतताना ऑटोत मी रडलो. केसर म्हणते, "काऊन रडता जी? तुमाले का माहीत होतं? मले तरी कुठी माहीत होतं?" मग म्हणाली, "पन त्या बाकीच्या गाद्या? त्या पोरींच्या घरी अजून असतीन ना?"

काय म्हणावं या बाईला? स्वतःला श्वास पुरत नाही अन् चिंता दुसऱ्यांच्या लेकींची. हा सत्कार मी नकोच म्हणत होतो. तीच म्हणाली, "सारे एका जागी भेटून राह्यले, तं सांगून द्या. लाज वाटत असन तं माईक मले द्या." तिकडे दुसऱ्या रांगेत बसली आहे.

तर रामाजीभाऊ, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी ती गादी आहे ते सगळे, ऐका. ती झटकू नका, फाडू नका, चुलीत टाकू नका. आहे तिथेच राहू द्या अन् कारखान्यातल्या सेफ्टीच्या लोकांना कळवा. नीट उचलून न्यायचं निकुरे साहेबांनी कबूल केलं आहे. घाबरू नका. धूळ लागली म्हणजे आजार होतोच असं नाही. पण घरच्या बाईला दम लागला, छाती दुखली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपण होऊन हे काम सांगा. आमचे सहा महिने वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

शाल दिलीत, प्रेम दिलंत, मी तुमचा मनापासून आभारी आहे. निरोपाच्या भाषणात भलतंच बोललो, ते सभागृहानं पोटात घालावं.

अन् केसर, आता तुझ्याशी. घरी बोलायला गेलो की तू 'चूप बसा जी' म्हणून उठून जातेस. इथं माईक माझ्या हातात आहे, तुला मधे बोलता येणार नाही. तो कपडा घरात मी आणला. मले माफ कर.