कठड्यापाशी धरून ठेवलेली जागा

नमस्कार. बसा, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या आहेत.

मी मेधा. श्रीकांतची बायको. पुण्याला सासूबाईंसमोर मी त्याला ‘हे’ म्हणते. आज श्रीकांतच म्हणणार आहे, कुणाला खटकलं तर खटकू दे.

तुम्ही सगळे कामाच्या दिवशी श्रीकांतच्या शोकसभेला आलात. उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीतली माणसं दोन बस बदलून आली आहेत. त्यांना मराठी कळत नाही, तरी बसली आहेत. आप सबका शुक्रिया, भाईसाब.

मला बोलायचं नव्हतं. कुलकर्णी काका मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी सकाळी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. घसा बसलाय, आणि रडायला लागले तर थांबता येणार नाही, अशी भीती होती. पण मग श्रीकांतच्या कंपनीचे पटवर्धन साहेब बोलले. आता रडू येत नाहीये. आता मला राग आलाय.

साहेब काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही? म्हणाले, “श्रीकांतसारखा इंजिनियर पुन्हा मिळणार नाही. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही इमर्जन्सी लीव्ह घेतली नाही.” आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. जसं काही साहेबांनी त्याला पदकच दिलं.

घेतली नाही, साहेब? त्यानं मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. घेतली नाही आणि मिळाली नाही यात फरक असतो. तो फरक सांगायलाच मी उभी राहिले.

कशासाठी मागितली होती, ते इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. तुम्हीच तर हसायचात. एका फुटबॉल मॅचसाठी. तीही जर्मनीतल्या. तीही दुसऱ्या वर्गाच्या. हसा की. आजही हसा.

नव्वदीच्या सुरुवातीला, आमचं लग्न व्हायच्या आधी, कंपनीनं श्रीकांतला पॅकिंग मशीनच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं होतं. एक हिवाळाभर. छोटं गाव, चार वाजता अंधार, जेवायला उकडलेले बटाटे, आणि बोलायला कुणी नाही. हेल्गा नावाच्या बाईंकडे खोली भाड्यानं घेतली होती. तेव्हाच साठीच्या होत्या त्या. एका रविवारी त्यांनी याला बळेच उठवलं, स्वतःच्या नवऱ्याचा जुना कोट याच्या अंगावर चढवला आणि गावाच्या टीमची मॅच बघायला नेलं. बसायची जागा नाही. कठड्याला टेकून उभं राहायचं. टीम हरली. चांगली सपाटून हरली. आणि श्रीकांत मला सांगायचा, “मेधा, कुणी हललं नाही गं. पावसात उभे राहिले सगळे. हरलेली पोरं जवळ आली तेव्हा त्यांच्यासाठी गायले.” त्या कठड्यापाशी, त्या कोटात, त्याला पहिल्यांदा त्या देशात ऊब वाटली. बस. एवढंच. माणूस एखाद्या गोष्टीला जीव लावतो तो काय टेबलात वरचा नंबर बघून?

मग दुबई, मग हे शारजा, मग अल नहदातलं हे घर. आणि गच्चीवर डिश.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. जर्मनीत फुटबॉलचे वर्ग असतात. पहिल्या वर्गात नावाजलेल्या टीम. त्यांच्या मॅच टीव्हीवर दिसतात. दुसऱ्या वर्गात आमची. तळाच्या चार टीम वर्ष संपलं की तिसऱ्या वर्गात ढकलतात. आमची टीम वर्षानुवर्षं तळाशीच. कुलकर्णी काका, तुम्ही दर गणपतीत विचारायचात ना, “काय श्रीकांतराव, पोरं पास झाली का पुन्हा एटीकेटी?” तो हसायचा. तुम्हाला चहा द्यायचा. मला आत राग यायचा.

दुसऱ्या वर्गाची मॅच आमच्या टीव्हीवर दिसायची नाही. दिसायचं ते टेलिटेक्स्टचं पान. काळा पडदा, त्यावर टीमची नावं आणि आकडे. चित्र नाही, आवाज नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी पान बदलायचं, आणि बदललं की एखादा आकडा वाढलेला असायचा, किंवा नसायचा. रविवारी संध्याकाळी तो कामावरून आला की शूज न काढता त्या काळ्या पानासमोर बसायचा. मी म्हणायचे, अरे, हे काय बघणं आहे? माझी मुलगी मिनू, ही बसली आहे समोर, ती म्हणायची, “आई, शांत बस, पेज इज चेंजिंग.” एका सीझनमध्ये या घरात मीसुद्धा त्या पानासमोर भाजी निवडायला बसायला लागले. मला ऑफसाइड आजही कळत नाही. पण आपली टीम खालून कितवी आहे, ते मला झोपेतून उठवून विचारा.

हा गेला सीझन. ऑगस्टपासून हरत होतो. नाताळची सुट्टी आली तेव्हा तळाला. मार्चमध्ये काय झालं कुणास ठाऊक, जिंकायला लागले. मिनू परीक्षेच्या अभ्यासातून उठून यायची, “बाबा, डिड वी विन?” वी! इथे जन्मलेली मुलगी, पुण्यात तिला आपलं वाटत नाही, इथे तिला कुणी आपलं म्हणत नाही. त्या गावाच्या टीमला ती ‘वी’ म्हणायची. आणि सगळं येऊन ठेपलं शेवटच्या मॅचवर. मे महिना, रविवार, घरचं मैदान. जिंकलो तर वाचलो. नाहीतर तिसऱ्या वर्गात.

हेल्गा आजींचा फोन आला. ऐंशीकडे झुकल्यात आता. म्हणाल्या, “कठड्यापाशी तुझी जागा मी धरून ठेवते. या वर्षी ये. पुढच्या वर्षी मी असेन की नाही, माहीत नाही.”

श्रीकांतनं सगळा विचार केला होता. या वर्षीच्या सुट्टीतले थोडे दिवस आधी घ्यायचे, पुण्याला तितके दिवस कमी जायचं. मी हो म्हटलं. मिनू हो म्हणाली. मग तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दोन गोष्टी मागायला. थोडे दिवस सुट्टी, आणि स्वतःचा पासपोर्ट. कारण व्हिसासाठी पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्ट कुठे असतो? तुमचा कुठे आहे? कंपनीच्या तिजोरीत. सेफ कस्टडी म्हणे.

साहेब, तुम्ही काय म्हणालात, ते त्यानं घरी येऊन मला शब्दशः सांगितलं. त्याला नक्कल छान यायची. तुम्ही म्हणालात, “श्रीकांत, अॅन्युअल लीव्ह म्हणजे इंडिया. इमर्जन्सी लीव्ह म्हणजे डेथ. तिसरा प्रकार आपल्याकडे नाही.” आणि वर म्हणालात, “सेकंड डिव्हिजनसाठी कोण जातं रे?”

शारजात क्रिकेट असलं की कोण जातं, साहेब? आख्खं ऑफिस जातं. तुम्ही स्वतः जाता, टोपी घालून. तेव्हा फोनवर हाच श्रीकांत बसायचा, सगळ्यांची कामं निस्तरत. तेव्हा तो कुणाला म्हणाला, कोण जातं रे?

तरीही त्याला जाता आलं असतं. कसं, ते इथे प्रत्येकाला माहीत आहे. खाली बघू नका. गल्फमध्ये आपण सगळे हेच करतो. काका मारतो, आत्या मारतो, एकच आजी दोन कंपन्यांत दोनदा मारतो. फोन येतो, रडवेला चेहरा करतो, आणि तिजोरी उघडते. ऑफिसातल्या जोसेफनं त्याला सांगितलं होतं. जोसेफ इथेच आहे. “श्रीकांत भाई, एक मौसी को मार दो. मैं फोन करता हूं ऑफिस में. यल्ला, खलास.”

श्रीकांतला मावशी आहे. साताऱ्याची सुमामावशी. हा म्हणाला, “जिच्या हातचं खाऊन वाढलो तिला मारून मॅच बघायला जाऊ? टीम जिंकली तरी गोड लागायचं नाही.” मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, नुसतं तोंडानं म्हणायचं आहे. नाही म्हणाला. मला श्रीकांतचाही राग आहे, बरं का. फोटोला हार घातला म्हणून राग जात नाही. साध्या माणसानं इतकं सरळ राहू नये. सरळ झाड आधी तोडतात.

परवा मावशींचा फोन आला. ओक्साबोक्शी रडत होत्या. म्हणाल्या, “अगं, मारायचं होतं ना मला! मी काय खरोखर मेले असते? मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं माणसाचं.” मावशींना आता काय सांगायचं? तुम्ही सांगा, साहेब.

त्या रविवारी श्रीकांत कुठे होता? उम्म अल कुवैनला. फॅक्टरीत मशीन बंद पडलं होतं, साहेबांनी त्याला पाठवलं. काम होतं, मान्य. मी आणि मिनू पानासमोर. पान बदललं की मी फोन करायचे. मी! जिला ऑफसाइड कळत नाही ती कॉमेंट्री करत होते. “शून्य-शून्य.” “शून्य-एक, ते पुढे.” तिकडून नुसता मशीनचा आवाज. “एक-एक, श्रीकांत!” मग किती वेळ पान बदलेना. मिनूनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. आणि मग पान बदललं. दोन-एक. आम्ही दोन. मी फोनमध्ये काय ओरडले ते शेजारच्या भाटिया वहिनींना विचारा. आणि तिकडे हा माणूस मशीनखालून बाहेर येऊन नाचला. हे भाईसाब साक्षीला आहेत. त्यांना वाटलं, मशीन चालू झालं.

टीम वाचली. दुसऱ्याच वर्गात राहिली. हेल्गा आजींनी फोन केला, म्हणाल्या, “जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवली. लोक चिडले माझ्यावर.” श्रीकांतनं फोन ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मग म्हणाला, “पुढच्या मेला नक्की. आत्तापासूनच विचारून ठेवतो.” आणि विचारलं त्यानं, जुलैमध्येच. साहेब, तेव्हा तुमचं उत्तर होतं, इन्शाल्ला.

हा शब्द इथली माणसं देवावर भरवसा ठेवून म्हणतात. त्यांच्या तोंडी तो फार सुंदर वाटतो. तुमच्या तोंडी त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

मी असं म्हणत नाही की सुट्टी मिळाली नाही म्हणून तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. उन्हाळ्याची दुपार, साइटवरचा जिना. कुणालाही येऊ शकतं. साहेब, त्याचा जीव तुम्ही घेतला असं मी म्हणणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. मी वेगळंच म्हणतेय.

रात्र हॉस्पिटलमध्ये काढून तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. हॉस्पिटलनं सांगितलं, कागदपत्रांसाठी पासपोर्ट लागेल. कंपनीला फोन केला. आणि दुपारच्या आत तो पासपोर्ट माझ्या हातात होता. ड्रायव्हर घेऊन आला, एसी गाडीतून, छानशा पाकिटात. जिवंत माणूस केबिनच्या दारात उभा राहून मागत होता तेव्हा तिजोरी उघडली नाही. मेल्यावर लगेच उघडली. त्याच्यावर रद्द असा शिक्का मारायचा होता ना! मी पानं उलटून पाहिली. मागची कितीतरी कोरीच होती. श्रीकांतला त्यातल्या एकाच पानावर एक व्हिसा हवा होता.

साहेब, शेवटी तुमचाच नियम खरा झाला. इमर्जन्सी म्हणजे डेथ. घ्या. झाली.

परवा मी आणि मिनू पुण्याला जातोय. अस्थी घेऊन. आमचा व्हिसाही त्याच्याच नावावर होता, तोही संपला. डिश काढायला सांगितली आहे. त्याआधी गेल्या रविवारी मी टीव्ही लावला होता. नवा सीझन सुरू झालाय. काळं पान, पांढरे आकडे. पहिलीच मॅच. हरले. मिनू म्हणाली, “बाबा वुड हॅव सेड, इट्स ओन्ली ऑगस्ट.” आम्ही दोघी पान बंद होईपर्यंत बसलो. उठलो नाही.

आता कुलकर्णी काका म्हणतील, दोन मिनिटं शांतता. पाळूया. पण आधी मी सांगते, कशी पाळायची.

श्रीकांत हरलेल्यांसाठी उभा राहायला शिकला होता. तेव्हा उभे राहा. सगळे. साहेब, तुम्हीही. देव आठवू नका, गीता आठवू नका. डोळे मिटा आणि एवढंच आठवा, की या क्षणी आपला पासपोर्ट कुठे आहे. आणि आपली जागा कुणी, कुठे धरून ठेवली आहे.

श्रीकांत, टीम अजून दुसऱ्या वर्गातच आहे. नमस्कार.

उठा.