देवरावच्या जीपले हिटर

…नाई, वायरमन म्हनते मले, डोळे तपासून घ्या! अरे बाप्पा, डोळ्याइचा काय संबंध? दिवेलागन झाली का माह्या घरचा बल्ब पिवळा पडते आन भिंतीपलीकडं देवरावची जीप गरम होते, हे उभ्या परतवाड्याले ठाऊक हाय, एक त्या वायरमनले सोडून! तुमाले सांगतो राजेहो, लोकाइच्या घरून शेजाऱ्याकडं विरजन जाते, विस्तव जाते, फार तं भांडन जाते... माह्या घरून इलेक्ट्रिक जाते! कुठं? तं जीपच्या पोटात! कोनाची जीप, कोनाची थंडी... आपल्याले काय करा लागते म्हना!

बासष्ट सालची गोष्ट. देवराव म्हनजे माह्या भिंतीले भिंत लावून राहनारा मानूस, ठेकेदाराइले जीपमधून मेळघाटात नेनं-आननं हा धंदा, आन बोलनं इतकं कमी का तोंडातून शब्द निंघाले म्हनजे आज पावनेच येनार. तं हा एक दिवस नागपूरहून आला, मिलिटरीच्या भंगारातून काहीतरी पिशवीत घालून. मी सहज गेलो. आता सहज म्हनजे... मी पिशवी पाह्यली, म्हनून सहज गेलो.

"काय आनलं गा देवराव?"

"हिटर."

"चहाचं?"

"इंजिनाचं. बर्फाच्या मुलखात गाड्या गोठतात, तवा लावतात."

आता सांगा! परतवाड्यात बर्फ भेटते ते गोळेवाल्याच्या भुशात, आन तेबी उन्हाळ्यात! इथं इंजिन कुठून गोठन? मी हासनार होतो, पन त्याच्या तोंडाकडं पाह्यलं आन हासू गिळलं.

चंद्रभान मिस्त्री आला. त्याच्या तोंडातली बिडी बोलतानाबी निंघत नाई. "नत्थूभाऊ, इंजिनाच्या बाजूले हे गोल डाट असतात न, बुचावानी, डाट ठोकून काढाचा, तिथं हे हिटरची कांडी बसवाची, मंग आतलं पानी रातभर ऊन." म्या म्हटलं, ऊन तं ऊन, पन कांडीले लाइट कुठून आननार? गल्लीत लाइट फक्त माह्या घरी. तं देवराव भिंतीपाशी उभा राह्यला, खाली पाहून म्हनते, "एक तार देता का, नत्थूभाऊ?"

म्या एवढ्या लवकर हो म्हटलं, एवढ्या लवकर, का आतमंधी माह्या बायकोचं, जमुनाचं, लाटनं थांबलं!

पहिल्या दिवशी खटका दाबला आन भप्प! अख्ख्या घरात अंधार, जमुनानं पोळी चुलीत टाकली का तव्यावर हेबी समजेना. मिस्त्री म्हनते, "कांडी अमेरिकेची हाय, तिले आपल्या लाइटचा जोर निम्माच सोसते." मंग त्यानं दुसरी तशीच कांडी आनली, दुसरा डाट काढला, दोनी एकीमागं एक जोडल्या, जोर दोघीत वाटला, आन चाललं बाप्पा! अर्ध्या तासानं म्या बॉनेटवर हात ठेवला... ऊन. तापलेल्या लेकराच्या कपाळावानी ऊन. देवराव घरात गेला, वाकळ घेऊन आला, शकुनबाईच्या हातची, आन बॉनेटवर पांघरून चारी कोपरे खोसले. मी तितून निंघालो. त्या दिवसापासून बल्ब पिवळा पडला का जमुना म्हनते, "आली व बाई शकुन." मी म्हनतो, गप व. आपल्याले काय करा लागते म्हना!

तुमी म्हनसान, शकुनबाई कोन? देवरावची बायको. सत्तावन सालच्या पौषात गेली. पायटीच, उजाडाच्या आंधी, पोटात कळ उठली, अचलपूरच्या डॉक्टरनं हात टेकले, अमरावतीले न्या म्हने. देवरावनं जीपची बटन दाबली... मुकी. हँडल मारलं... मुकी. दीड घंटा हँडल मारलं राजेहो! देवराव थकला का मी, मी थकलो का देवराव. तोंडातून वाफा निंघत होत्या. शेवटी पहिल्या एसटीत घातलं तिले. वाटेवरचं आसेगावबी आलं नाई, तिचा जीव गेला.

हँडल मारता मारता देवराव म्हने, "थंडीनं धरलं इंजिन." आन म्या म्हटलं, "हो. लय गारठा हाय."

...पानी देता का कोनी? नाई, राहू द्या. सांगूनच टाकतो आता.

थंडी नोती. आदल्या दिवशी माह्या साळीले, जमुनाच्या बहिनीले, पाहाले पावने येनार होते. गावात तवा लाइट नाई, माह्याकडं रेडिओ, बॅटरीवरचा, आन बॅटरी बसलेली. पावन्याइपुढं मुका रेडिओ ठेवावा का? देवराव एसटीनं वरूडले गेलता. म्या भिंतीवरून शकुनबाईले इचारलं, जीपची बॅटरी नेऊ का? ते हासली, "न्या न भाऊजी, पन सांजीले आनून ठेवजा." ठेवली न! वेळेवर ठेवली! पन रेडिओ सकाळपासून सांजपर्यंत बोंबलला होता, त्या बॅटरीत जीव राह्यला होता कुठं? बॅटरी मेली का हँडल मारून उपेग नाई, ठिनगीच पडत नाई. मले ठाऊक होतं. हँडल माह्या हातात होतं, आन मले ठाऊक होतं! बाजारात सावजी सावकाराची मोटार उभी होती, एक शब्द बोललो असतो तं पंधरा मिनिटांत तिची बॅटरी आली असती. कसा बोलू? देवरावनं थंडी म्हटलं न...

अन साळीचंबी जमलं नाई! पावने म्हने, घरात गोंगाट लय हाय.

पुढं त्रेसष्टचा पौष. देवरावची लेक ललिता पहिल्या बाळंतपनाले आली. देवराव दुपारीच भिंतीपाशी येऊन उभा. "नत्थूभाऊ, आज थोडं लवकर..." मी खटका दाबो. जमुना म्हने, "त्या जीपचंच बाळंतपन हाय का व?" पायटी ललिता कन्हाली, दाईनं बाहेर येऊन म्हटलं, बाळ आडवं हाय, अमरावतीले न्या. देवराव बसला, बटन दाबली... आन घुर्रर्र! एका बटनीत! वाकळ काढून लेकीच्या अंगावर टाकली आन सुटला बाप्पा वाऱ्यावानी, आन तार? तार काढलीच नाई! माह्या भिंतीवरून तार, तारीले खटका, खटक्याले लाकडाचं बोर्ड, बोर्डासंगं खिडकीची चौकट, सगळं जीपच्या मागं शेपटावानी! मी घोंगडं पांघरून मागं धावतो, "देवराव, तार! तार!" तं शेजारपाजारचे मलेच धरतात, "जाऊ द्या नत्थूजी, लेकीचं काम हाय, तुमाले तारीचं पडलं!"

चौथ्या दिवशी देवराव आला. खांद्यावर तार, गोल गुंडाळून. "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत."

मले रडू फुटलं. म्या म्हटलं, "देवराव, शकुनबाईच्या वक्ती... ते बॅटरी... म्या..."

"थंडी होती, नत्थूभाऊ."

"आयक तं खरं, आदल्या दिवशी..."

"थंडीच होती." माह्याकडं पाह्यलं त्यानं. सरळ पाह्यलं. मंग तार माह्या हातात देल्ली. "जोडून द्या पह्यल्यासारखी. आपल्याले एका भिंतीले राहाचं हाय."

म्या जोडली. आता वैशाख चालू हाय, कावळे चोच उघडून बसतात, अंगातला सदरा सुकत नाई. ललिता लेकरू घेऊन कवाची सासरी गेली. कालच्या सांजीले देवराव आला भिंतीपाशी, कपाळाचा घाम पुसत म्हनते, "नत्थूभाऊ, आज हवेत गारठा वाटते जरासा."

म्या म्हटलं, "हो न देवराव, मले तं हुडहुडी भरली," आन दाबला खटका... काय करता!