बारा नळ्या आणि एक व्हॅम्पायर

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे तंत्रज्ञसाहेब, त्यांना इतकी वर्षं वेळेवर डबा देणाऱ्या वहिनी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडं बघणारे माझे जुने सोबती!

भाषण मी सांगितलं, नातीनं लिहून घेतलं. कागद तिच्याकडं आहे, भाषण माझ्याकडं. अडले तर ती पहिल्या रांगेतून खुणावेल. पण मी या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्यात. सहज निसटू देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्तीच्या कार्यक्रमात व्हॅम्पायर कुठून आला? आमच्या बैठकीतून आला. दर रविवारी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी तिथं रक्त पिणाऱ्यांची मालिका बघतात. मी कार्टून म्हटलं की नात डोळे वटारते, "आजी, ॲनिमे!" बरं बाई, ॲनिमे.

गेल्या रविवारच्या भागात तो गोरापान व्हॅम्पायर दवाखान्यात शिरला. टेबलावर रक्ताची नळी. हुंगून म्हणतो, "हे कालचं आहे, तरी गोठलं नाही. यात सायट्रेट घातलंय." झालं! पोरींनी तिथंच मालिका थांबवली.

जिला मी शंकासुर म्हणते ती म्हणाली, "काहीही दाखवतात! बाहेर काढलं की रक्त गोठणारच."

चष्मेवाली म्हणाली, "अगं, गोठायला रक्तातलं कॅल्शियम लागतं, ते सायट्रेट धरून ठेवतं. मग कसं गोठेल?"

"तू बघितलंयस?"

मी शेंगा सोलत होते. तोंडातून निघून गेलं, "मी बघितलंय. बारा माणसांचं रक्त माझ्यामुळं गोठलं नव्हतं."

नात हळूच म्हणाली, "आजी, तू व्हॅम्पायर होतीस?"

हसा, हसा. साहेब हसत नाहीयेत, बघा. त्यांना कळलंय गाडी कुठं चाललीय ते.

तेव्हा साहेब नवे होते. टेबलावर नळ्यांचे दोन स्टँड असत. एकातल्या नळ्यांत सायट्रेटचे थेंब, दुसऱ्यातल्या कोऱ्या. थेंब पाण्यासारखे, त्यामुळं दिसायला सारख्याच, फरक फक्त स्टँडवरच्या चिठ्ठीत. आणि चिठ्ठी मला वाचता येत नव्हती, अजूनही येत नाही. मी आपली खूण धरलेली : खिडकीकडचा स्टँड सायट्रेटचा, भिंतीकडचा कोरा. एकदा रंगकाम झालं आणि रंगाऱ्यांनी टेबल उलटं फिरवून ठेवलं, स्टँडसकट. मी आपल्या सवयीनं कोऱ्या नळ्या भिंतीकडं लावल्या, थेंबवाल्या खिडकीकडं. कोऱ्या सायट्रेटच्या स्टँडमध्ये जाऊन बसल्या की! आणि थेंबवाल्या कोऱ्यांच्या.

सकाळी बारा जणांचं रक्त घेतलं. तपासणीसाठी ते गोठायला हवं होतं. तास गेला, दीड तास गेला. पाण्यासारखं पातळ! बारा जणांना परत सुई. मोठे साहेब तरातरा आले, "नळ्या कुणी लावल्या?"

माझी दोन लेकरं लहान होती. मी फरशीकडं बघत राहिले. तेव्हा आपले हे साहेब म्हणाले, "मी लावल्या."

दुसऱ्या दिवशी सायट्रेटच्या स्टँडला लाल दोरा बांधलेला. मला म्हणाले, "मावशी, घाईत मलाच चिठ्ठी दिसत नाही, म्हणून बांधलाय." वाचता येतं का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही.

त्यांच्या फायलीत मात्र 'निष्काळजी' असं लिहिलं गेलं. मुख्य तंत्रज्ञाची जागा चार वर्षं पुढं गेली. मी का बोलले नाही? आधी नोकरीची भीती होती. मग मीही निवृत्त झाले, भीती गेली, तरी बोलले नाही. त्याला काही सबब नाही.

मघाशी अध्यक्षबाईंनी साहेबांची कारकीर्द वाचली. "एक नोंद सोडली तर निष्कलंक," असं म्हणाल्या. बाई, ती नोंद सोडू नका, खोडा. नातीकडं दुसरा कागद आहे, त्यात सगळं लिहिलंय. खाली माझा अंगठा घरूनच उठवून आणलाय; उगाच तुमच्या पांढऱ्या खुर्च्यांना शाई लागायला नको.

साहेब, "बसा मावशी" अशा खुणा करू नका. तेव्हा तुम्ही बोललात, आज माझी पाळी.

मला माइक दिलात, शेवटपर्यंत ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. नळ्यांचं मात्र घालू नका. ते तीस वर्षं साहेबांच्या एकट्याच्या पोटात आहे.